उलंगवाडीनंतरची पऱ्हाटी

वऱ्हाडचे पायनघाट आणि बालाघाट असे जे दोन भाग पूर्वीपासून मानले जात, त्यांपैकी घाटावरच्या बालाघाटात, आजच्या वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, नागपूर-औरंगाबाद या जुन्या हमरस्त्यालगत किन्हीराजा हे गाव वसलेले आहे. या मुलखाने राजवटी पुष्कळ पाहिल्या. वत्सगुल्म या नावाने वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. अकबराच्या अमदानीत ते वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे झाले. पुढे निजामाचा अंमल आला, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाल्यावर बाशीम हा काही काळ स्वतंत्र जिल्हा राहून १९०५ साली मुख्यतः अकोल्यात विलीन झाला, तो १ जुलै १९९८ रोजी वाशीम या नावाने पुन्हा वेगळा निघाला. अंमल बदलले, जमाबंदीच्या पद्धती बदलल्या; परंतु माघ-फाल्गुनात काळ्या शिवारात उभ्या राहणाऱ्या एका वस्तूचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे येतच राहिला. ती वस्तू म्हणजे कापूस वेचून झाल्यावर मागे उरलेली पऱ्हाटी.

कापसाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. वणजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर तो गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत कसा नेला, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल कसे आले, १८६७ साली भुसावळ-अकोल्यावरून नागपूरपर्यंत आगगाडी पोहोचल्यावर मुंबईच्या बाजाराशी या मुलखाची गाठ कायमची कशी पडली, हे सारे अहवालांत, गॅझेटियरांत आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांत नमूद आहे. सरकी आणि रुई यांची मोजदाद झाली, कारण त्यांवर पैसा आणि सारा अवलंबून होता. पऱ्हाटीची मोजदाद कोणी केली नाही. ती बाजारात गेली नाही, घरात आली. आणि घरात येणाऱ्या वस्तूंचा इतिहास बहुधा अलिखितच राहतो, याची मला खंत वाटते. कारण कुणब्याच्या संसाराला त्या काळी रुईपेक्षा पऱ्हाटीचाच आधार अधिक निकटचा होता.

पहिल्या वेचणीच्या वेळी सीतादहीचा विधी करून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून ज्या झाडाची ओटीत कापूस घेण्यापूर्वी पूजा होई, त्याच झाडाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की शिवारात दुसरीच लगबग सुरू होई. लोखंडी चिमट्यात बुडखा धरून, तो कमरेच्या जोराने मागे ओढून एकेक झाड उपटावे, मुळांची माती झटकून पेंढ्या बांधाव्यात, बंडीत रचून त्या गावात आणाव्यात आणि परसात किंवा गोठ्याशेजारी त्यांची गंज घालावी, हे काम होळीच्या आगेमागे चाले. ही गंज पुढच्या वर्षभराचे सरपण असे. पावसाळ्यात गोवऱ्या ओल्या झाल्या तरी गंजीच्या पोटातली पऱ्हाटी कोरडी राही. तिचा जाळ चटकन लागतो आणि चटकन ओसरतो, म्हणून भाकरीच्या तव्याखाली ती विशेष सोयीची. मंद आचेवर आमटी शिजवायची तर बाभळीचे लाकूड लागे. तुराटी, म्हणजे तुरीची काडी, सरळ आणि लांब, म्हणून कुडाच्या भिंतीला पहिला मान तिचा. उभ्या तुराट्या बांधून त्यांना दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा दिला म्हणजे जी भिंत उभी राही, तिच्या आत वऱ्हाडातील असंख्य संसार झाले. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, त्यांचाही या पिकात अप्रत्यक्ष वाटा असे. पऱ्हाटी उपटून शेत मोकळे करून द्यावे आणि मजुरीदाखल तीच घरी न्यावी, असा रिवाज पुष्कळ ठिकाणी होता.

या रिवाजाच्या मुळाशी लाकडाची टंचाई होती, हे विसरून चालणार नाही. कापसाचे भाव चढले तसतशी पडीत व झुडपी जमीन वखराखाली आली, आणि दुसरीकडे १८८६ च्या वऱ्हाडच्या जंगल कायद्याने राखीव रानांच्या हद्दी कायम होऊन तेथील मोळीवर सरकारी नियमांचा पहारा बसला. गावकऱ्याला रान दूर गेले आणि पऱ्हाटी जवळ आली. एकच दुःखद गोष्ट अशी, की जे चुलीत गेले ते शेतात परत आले नाही. शेणाच्याही गोवऱ्या झाल्या, आणि काळ्या जमिनीने वर्षानुवर्षे दिले त्याची फेड मूठभर राखेने होत राहिली.

या तोट्याचा विचार शास्त्रीय रीतीने झाला तो इंदूरला. १९२४ साली तेथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्ट करण्याची जी पद्धत बसवली, ती इंदूर पद्धत या नावाने पुढे जगभर गेली. १९३१ साली दोघांच्या नावाने त्यावरचे पुस्तकही निघाले. त्यांच्यापुढची मोठी अडचण नेमकी पऱ्हाटी आणि तुराटी यांचीच होती. पाला कुजतो, गवत कुजते. परंतु काष्ठमय देठ अखंड असेल तर त्याच्या सालीआड सूक्ष्म जीवांचा शिरकाव होत नाही, आणि खत झाल्यावरही काड्या तशाच हाती लागतात. त्यावर त्यांनी योजलेला उपाय मला फार मार्मिक वाटतो: त्यांनी ही काटके शेतावरच्या रस्त्यांवर पसरली, गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली ती चेचली जाऊ दिली, मग गोठ्यात गुरांखाली अंथरली, आणि मूत्राने भिजलेला तो चुरा खड्ड्यात रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत हाती घेतले. आज ट्रॅक्टरमागे जोडले जाणारे, काड्यांचा चुरा करणारे जे यंत्र आपण पाहतो, त्याचा खरा पूर्वज या बैलगाडीच्या चाकात आहे असे मी मानतो. काडी फोडल्यावाचून ती मातीची होत नाही, हे सत्य इंदूरला कळले होते. ती झपाट्याने फोडील अशी शक्ती मात्र त्या काळी शेतावर उपलब्ध नव्हती.

ती शक्ती परदेशात घडत होती. लाकडाच्या चकत्या करणारी यंत्रे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच निघाली होती, आणि १९१८ च्या सुमारास अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ट्रॅक्टरच्या एंजिनाचा फेरा पाठीमागच्या दांड्यातून बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला देण्याची सोय बाजारात आणली. आपले शेतकरी जिला ‘पीटीओ’ म्हणतात ती हीच. हॅरी फर्ग्युसनच्या तीन टेकूंच्या जोडणीने यंत्र ट्रॅक्टरच्या अंगावर उचलून नेणेही शक्य झाले. भारतात ट्रॅक्टर बनू लागले ते १९५९ पासून, आणि सामान्य शेतकऱ्याच्या दारी ते आणखी उशिरा पोहोचले.

दरम्यान पऱ्हाटीच बदलली. १९७० साली एच-४ हा संकरित वाण आला, २००२ साली बीटी कपाशीला मंजुरी मिळाली. गावरान कपाशीच्या सडपातळ काडीच्या जागी जाड बुंध्याचे, फांद्यांनी पसरलेले झाड उभे राहिले. त्याच सुमारास चुलीची जागा गॅस घेऊ लागला आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेने तो गरिबाच्या घरीही गेला. कुडाच्या भिंती विटांच्या झाल्या. मजूर मिळेनासा झाला. वाशीम जिल्ह्यात सोयाबीनने कपाशीला बरेच मागे सारले, तरी सोयाबीनमधल्या तुरीच्या तुराट्या उरतातच. जी वस्तू गंज घालून जपली जाई, तीच धुऱ्यावर ढीग लावून पेटवली जाऊ लागली. हे जाळणे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

अशा वेळी ट्रॅक्टरमागचे हे काडीतोड यंत्र आले, आणि त्याची मांडणी नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्यात जितकी उपयुक्तता तितकाच धोका आहे. सपाट, टणक जागा निवडून ट्रॅक्टर उभा करावा. खालचे दोन दांडे आणि वरची टॉपलिंक अडकवून प्रत्येक पिनेला क्लिप लावावी. यंत्र मागेपुढे किंवा एका अंगाला कलते राहू नये. पीटीओचा शाफ्ट एकात एक सरकणारा असतो. तो फार लांब असला तर हायड्रोलिक उचलताना दाबला जाऊन बेअरिंगे फोडतो आणि आखूड असला तर फिरता फिरता निसटतो, म्हणून पहिल्या जोडणीतच त्याचे माप पाहून घ्यावे लागते. त्यावरचे प्लास्टिकचे आवरण अडगळ समजून काढून टाकण्याची वाईट खोड पुष्कळांना आहे. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या उघड्या शाफ्टात उपरण्याचे टोक वा लुगड्याचा पदर सापडला तर माणसाला सोडवण्याइतका अवधी मिळत नाही. मळणीयंत्रांत तुटलेल्या हातांमुळे १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला, ही गोष्ट यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

आतली फिरती पाती आणि बैठी पाती यांच्यातील फट कारखानदाराने सांगितली तितकीच हवी. ती वाढली की काडी कापली न जाता चेचते, दोरे निघतात आणि यंत्र तुंबते. मुळांना चिकटलेली काळी माती आणि तिच्यातले खडे पात्यांचे हाडवैरी आहेत; उपटलेल्या पऱ्हाटीची माती जुन्या रिवाजाप्रमाणे झटकूनच ती आत द्यावी, बुडखा पुढे ठेवून, एका बाजूस उभे राहून. यंत्र अडले तर एंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, फिरती पाती पुरती थांबल्यावरच आत हात घालावा.

या यंत्राची गरज दुसऱ्या एका संकटानेही सिद्ध केली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचा जो विध्वंस केला, त्यानंतर फरदड, म्हणजे हंगामानंतर लांबवलेले पीक, घेऊ नये, डिसेंबरअखेर पीक संपवावे आणि पऱ्हाटीचा बारीक चुरा करावा, असा सल्ला कृषी विभाग आणि कृषितज्ज्ञ सातत्याने देत आले आहेत. कारण न उमललेल्या किडक्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत दडून राहते. आजोबांच्या काळी काटकसरीचे लक्षण असलेली परसातली गंज आज तिला आश्रय देते, हे कटू असले तरी खरे आहे.

चुरा झाला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. काष्ठात कर्ब भरपूर आणि नत्र अत्यल्प असल्यामुळे तो तसाच नांगरून गाडला तर कुजताना जमिनीतलेच नत्र ओढून घेतो आणि पुढचे पीक पिवळे पडते. म्हणून तो शेणकाल्यात वा थोड्या युरियाच्या पाण्यात भिजवून, थरांवर ट्रायकोडर्मासारख्या कुजवणाऱ्या बुरशीचे संवर्धन टाकून, मुठीत दाबल्यावर ओल जाणवेल पण पाणी गळणार नाही इतका ओलसर ठेवावा आणि महिन्याकाठी एकदा ढीग खालीवर करावा. फाल्गुनात घातलेला ढीग अशा रीतीने मृगाच्या पेरणीपर्यंत तयार होतो. ज्याच्याजवळ पाणी कमी आहे, त्याने बोंडे निवडून जाळून चुरा संत्र्याच्या वा लिंबाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावा, म्हणजे तो उन्हाळाभर ओल धरतो आणि पुढच्या पावसात सावकाश कुजतो.