जमिनीवरचा डाग खरा कसा वाटायला लागला?

मॅपमध्ये जमिनीवर मातीचा डाग टाकला की तो स्टिकरसारखा दिसतो ना? ही अडचण जुनीच आहे. 1998च्या 'हाफ-लाइफ'मध्ये गोळ्यांच्या खुणा, रक्त हे सगळं डेकलने दाखवायचे. एका डेकलला रंग एकच. पॅलेटमधल्या बाकी छटा फक्त पारदर्शकपणा ठरवायच्या. कडा छान विरायच्या, पण डाग एकरंगीच! 2004च्या 'हाफ-लाइफ 2'मध्ये हॅमर एडिटरने वेगळी वाट दिली. उंचसखल जमिनीवर कुठे गवत, कुठे माती, हे मॅप बनवणाराच ब्रशने रंगवायचा आणि दोन्ही टेक्स्चर एकमेकांत मिसळायची. माझ्या मते खरा बदल इथे झाला. म्हणून आजही आधी जमीन मिसळून घ्या, डेकल शेवटी टाका. नाहीतर डाग जमिनीवर तरंगतच राहणार!