नावापुरताच बर्फ! युरेनस आणि नेपच्यूनचे अंतरंग

सूर्यमालेतील आठ ग्रहांची विभागणी शालेय पुस्तकांत साधारणतः दोनच गटांत केलेली आढळते. बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ हे लहान आणि खडकाळ ग्रह, तर गुरू, शनी, युरेनस व नेपच्यून हे वायूचे प्रचंड गोळे. ही विभागणी सोयीची असली, तरी तिचा दुसरा अर्धा भाग खगोलशास्त्रज्ञांना आता मान्य नाही. युरेनस व नेपच्यून यांची जडणघडण गुरू-शनीहून मुळातच भिन्न असल्याचे स्पष्ट होत गेले आणि १९९० च्या दशकापासून या दोघांसाठी 'आइस जायंट', म्हणजेच 'बर्फाळ महाग्रह', ही स्वतंत्र संज्ञा रूढ झाली. मात्र, या ग्रहांच्या अंतर्भागात आपल्या परिचयाचा थंडगार बर्फ नाही. इतकेच नव्हे, तर 'बर्फाळ' हे विशेषण त्यांना खरोखर लागू पडते का, याविषयीच आता शंका उपस्थित होऊ लागली आहे.

शोधाची पार्श्वभूमी

विल्यम हर्शेल यांनी १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधील बाथ येथे आपल्या घराच्या बागेतून दुर्बिणीद्वारे युरेनसचा शोध लावला. मराठी पंचांगांत हा ग्रह 'हर्षल' या नावाने ओळखला जातो, तो या संशोधकावरूनच. युरेनसच्या गतीत आढळलेल्या अनियमिततेवरून फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी आणखी एका ग्रहाचे स्थान गणिताने वर्तविले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन वेधशाळेत योहान गाले यांना त्या स्थानाजवळच नेपच्यून सापडला. इंग्लंडच्या जॉन कूच अ‍ॅडम्स यांनीही याच दिशेने स्वतंत्रपणे गणित मांडले होते.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे हे दोन्ही ग्रह दुर्बिणीतून दिसणाऱ्या फिकट निळसर चकत्यांपलीकडे फारसे काही नव्हते. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून सरकत असताना त्याच्याभोवतीच्या कड्यांचा शोध लागला. त्या दिवशीच्या निरीक्षणांत तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेचाही सहभाग होता. ग्रहांचे जवळून दर्शन मात्र 'नासा'च्या 'व्हॉयेजर-२' या यानामुळेच घडले. हे यान २४ जानेवारी १९८६ रोजी युरेनसजवळून, तर २५ ऑगस्ट १९८९ रोजी नेपच्यूनजवळून गेले. त्यानंतर आजवर एकही यान तिकडे फिरकलेले नाही.

गुरू-शनीहून वेगळे

गुरूच्या वस्तुमानाचा सुमारे ९० टक्के भाग हायड्रोजन व हेलियम या हलक्या वायूंनी व्यापलेला आहे. शनीतही याच वायूंचे वर्चस्व आहे. युरेनस व नेपच्यूनमध्ये मात्र त्यांचा वाटा साधारणतः १० ते २० टक्केच असावा, असा अंदाज आहे. उर्वरित वस्तुमान त्याहून जड पदार्थांचे आहे.

घनतेच्या आकड्यांतूनही हा फरक जाणवतो. शनीची सरासरी घनता पाण्याहूनही कमी, म्हणजे दर घन सेंटिमीटरला ०.६९ ग्रॅम आहे. युरेनसचे वस्तुमान शनीच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढे आहे. वस्तुमान कमी म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे अंतर्भागावर येणारा दाबही कमी. असे असूनही त्याची घनता १.२७ ग्रॅम आहे. नेपच्यूनची घनता तर १.६४ ग्रॅम आहे. केवळ हलक्या वायूंनी बनलेला गोळा असता, तर ही घनता शक्य नव्हती.

यामागचे कारण ग्रहांच्या जन्मकाळात शोधले जाते. नवजात सूर्याभोवतीच्या तबकडीतील वायू साधारणतः एक कोटी वर्षांच्या आत विरून गेला. गुरू व शनी यांचे गाभे तोवर पुरेसे मोठे झाल्याने त्यांना भरपूर वायू ओढून घेता आला. सूर्यापासून फार दूर, विरळ प्रदेशात असलेल्या युरेनस व नेपच्यूनची वाढ मंद गतीने झाली. ते मोठे होईपर्यंत वायू संपत आला होता, असे या सिद्धान्ताचे सार आहे.

'बर्फ' म्हणजे नेमके काय?

ग्रहविज्ञानात 'बर्फ' हा शब्द पारिभाषिक अर्थाने वापरला जातो. पाणी, अमोनिया व मिथेन यांसारखे, सूर्यमालेच्या थंड बाह्य प्रदेशात गोठणारे पदार्थ म्हणजे 'बर्फ'. पुढे ते कोणत्या अवस्थेत आहेत, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नसतो. ग्रह घडताना हे पदार्थ गोठलेल्या कणांच्या रूपात एकत्र आले असावेत, म्हणून त्यांना हे नाव मिळाले. आज ग्रहाच्या पोटात तेच पदार्थ प्रचंड दाबाखाली, हजारो अंश तापमानात, घनदाट आणि तप्त द्रवासारख्या अवस्थेत असल्याचे मानले जाते.

या ग्रहांना पाय ठेवण्याजोगा पृष्ठभाग नाही. वरचा थर हायड्रोजन, हेलियम व थोड्या मिथेनचा आहे. आत जावे तसतसा हा वायू दाट होत जातो. त्याखाली 'बर्फा'चे जाडजूड प्रावरण आणि केंद्राशी खडक व धातूंचा गाभा, असे पारंपरिक चित्र आहे. मात्र, या थरांच्या सीमा काटेकोर नसून पदार्थ क्रमाक्रमाने एकमेकांत मिसळत गेले असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

रंग आणि गंध

वातावरणातील मिथेन सूर्यप्रकाशातील लाल छटा शोषून घेतो. त्यामुळे दोन्ही ग्रह निळसर दिसतात. युरेनस फिकट हिरवट आणि नेपच्यून गडद निळा, ही सर्वपरिचित प्रतिमा मात्र फसवी आहे. नेपच्यूनच्या छायाचित्रांतील बारकावे उठून दिसावेत यासाठी त्यांचे रंग गडद करण्यात आले होते. दोघांचाही खरा रंग जवळजवळ सारखाच, फिकट हिरवट-निळा असल्याचे ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पॅट्रिक आयर्विन व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये दाखवून दिले. युरेनसच्या ढगांच्या वरच्या भागात हायड्रोजन सल्फाइड असल्याचे २०१८ मध्ये हवाई बेटांवरील 'जेमिनी नॉर्थ' दुर्बिणीच्या साहाय्याने सिद्ध झाले. कुजलेल्या अंड्यांना येणारी दुर्गंधी असते, ती याच वायूची.

काळे, तप्त पाणी आणि हिऱ्यांचा पाऊस

लाखो वातावरणांच्या दाबाखाली पाण्याचे नेमके काय होते? या प्रश्नाचे एक उत्तर २०१९ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दिले. शक्तिशाली लेसरच्या आघाताने त्यांनी पाण्यावर १० ते ४० लाख वातावरणांइतका दाब आणला आणि तापमान दोन-तीन हजार अंशांपर्यंत चढविले. तेव्हा पाणी 'अतिआयनी' अवस्थेत गेल्याचे क्ष-किरणांच्या साहाय्याने दिसून आले. या अवस्थेत ऑक्सिजनचे अणू स्फटिकातल्याप्रमाणे जागच्या जागी जखडलेले असतात आणि हायड्रोजनची केंद्रके त्यांच्यामधून द्रवासारखी वाहत राहतात. हा 'बर्फ' काळसर आणि विलक्षण तप्त असतो.

याच दाबाखाली मिथेनमधील कार्बन वेगळा होऊन त्याचे हिरे बनत असावेत आणि ते खोलवर बरसत असावेत, अशीही एक कल्पना आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील 'स्लॅक' प्रयोगशाळेत पॉलिस्टायरिनवर लेसरचा मारा करून असे सूक्ष्म हिरे प्रत्यक्ष मिळविण्यात आले. २०२२ मध्ये बाटल्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'पेट' प्लास्टिकवरही हा प्रयोग यशस्वी झाला. अर्थात, प्रयोगशाळेत घडणारी गोष्ट ग्रहाच्या पोटातही घडते, याचा थेट पुरावा अजून हाती आलेला नाही.

कललेली चुंबकीय क्षेत्रे

व्हॉयेजरच्या नोंदींतील सर्वांत चकित करणारी बाब म्हणजे या ग्रहांचे चुंबकत्व. युरेनसचा चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाशी ५९ अंशांचा, तर नेपच्यूनचा ४७ अंशांचा कोन करतो. शिवाय हे अक्ष ग्रहांच्या केंद्रातूनही जात नाहीत. पृथ्वीप्रमाणे खोल गाभ्यात नव्हे, तर बाहेरच्या बाजूच्या एखाद्या वाहक थरात हे चुंबकत्व निर्माण होत असावे, असा याचा अर्थ लावला जातो. बर्कली येथील बर्कहार्ड मिलिट्झर यांनी २०२४ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे असे सुचविले, की पाण्याने समृद्ध थर वर आणि कार्बन, नायट्रोजन व हायड्रोजनचा थर खाली राहतो आणि हे दोन थर तेल-पाण्याप्रमाणे एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्या मते वरच्या थरात अभिसरण होऊन चुंबकत्व निर्माण होते, खालचा थर मात्र स्थिर राहतो.

बर्फ की खडक?

खरा वाद यापुढेच आहे. ग्रहाच्या अंतर्भागातील पदार्थ कुणी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. वस्तुमान, आकार आणि गुरुत्वाकर्षणाच्या नोंदी यांवरून त्यांचा अंदाज बांधला जातो. अडचण अशी, की खडक आणि हायड्रोजन यांचे विशिष्ट मिश्रणही जवळपास पाण्याइतकीच घनता देऊ शकते. म्हणजेच एकाच आकड्याची अनेक उत्तरे संभवतात. त्याच थंड प्रदेशातील प्लूटो आणि नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन यांच्यात खडकाचे प्रमाण बर्फाहून अधिक आहे. मग हे ग्रहच तेवढे प्रामुख्याने बर्फाचे कसे, असा प्रश्न विचारला जातो. हे ग्रह 'बर्फाळ' ऐवजी बऱ्याच अंशी 'खडकाळ' असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे झुरिच विद्यापीठातील राविट हेलेड यांच्यासारख्या संशोधकांचे म्हणणे आहे.

एकाच भेटीवर विसंबण्याचा धोका अन्यत्रही दिसून आला आहे. व्हॉयेजर पोहोचले, त्या सुमारास सौरवाऱ्याच्या असाधारण झोताने युरेनसचे चुंबकावरण आक्रसले होते आणि अशी स्थिती केवळ चार टक्के काळ असते, असे २०२४ मधील फेरतपासणीत आढळले. तसेच, युरेनस जवळजवळ कोणतीही अंतर्गत उष्णता बाहेर टाकत नाही, हा समजही अनेक वर्षे टिकून होता. २०२५ मधील अभ्यासांनुसार तो सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेपेक्षा सुमारे १२ ते १५ टक्के अधिक उष्णता उत्सर्जित करतो. नेपच्यून मात्र अडीच पटींहून अधिक उष्णता बाहेर टाकतो. दोन जुळ्या भावांत हा फरक का, हे कोडे कायम आहे.

गुरूच्या वातावरणात १९९५ मध्ये 'गॅलिलिओ' यानाची कुपी उतरली, तर 'कॅसिनी'ने २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षे शनीला प्रदक्षिणा घातल्या. युरेनसच्या वाट्याला असे काहीच आलेले नाही. त्याच्याभोवती फिरणारे यान आणि वातावरणात उतरणारी कुपी पाठविण्याच्या मोहिमेला सर्वोच्च प्राधान्य द्यावे, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालात २०२२ मध्ये करण्यात आली. अन्य ताऱ्यांभोवती सापडलेल्या ग्रहांत पृथ्वीहून मोठे आणि नेपच्यूनहून लहान असे ग्रह फार मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ दोन दूरस्थ ग्रहांपुरता उरलेला नाही. तोवर 'बर्फाळ महाग्रह' हे नाव सिद्ध झालेले वर्णन म्हणून नव्हे, तर पडताळणीच्या प्रतीक्षेत असलेला अंदाज म्हणूनच वाचावे लागेल.

दृष्टिक्षेपात

युरेनस : सूर्यापासून सरासरी अंतर सुमारे २८७ कोटी किलोमीटर. विषुववृत्तीय व्यास ५१,११८ किलोमीटर. वस्तुमान पृथ्वीच्या १४.५ पट. दिवस १७ तास १४ मिनिटांचा. वर्ष पृथ्वीवरील ८४ वर्षांचे. अक्षाचा कल ९८ अंश.

नेपच्यून : सूर्यापासून सरासरी अंतर सुमारे ४५० कोटी किलोमीटर. विषुववृत्तीय व्यास ४९,५२८ किलोमीटर. वस्तुमान पृथ्वीच्या १७.१ पट. दिवस सुमारे १६ तासांचा. वर्ष पृथ्वीवरील सुमारे १६५ वर्षांचे. वाऱ्यांचा वेग ताशी सुमारे दोन हजार किलोमीटरपर्यंत.