टेक्ससमधील ‘सांता फे’ पियानोवादक : पुराव्याचा एक प्रश्न

ब्लूज-संगीताच्या शाखा बहुधा एखाद्या शहराच्या किंवा प्रदेशाच्या नावाने ओळखल्या जातात. आग्नेय टेक्ससमधील कृष्णवर्णीय पियानोवादकांच्या एका समूहाला मात्र ‘सांता फे गट’ हे नाव मिळाले, ते एका रेल्वेवरून. नाव यथार्थ आहे. १९२० ते १९४० या काळात हे वादक रेल्वेने ह्यूस्टन, रिचमंड, शुगर लँड, गॅल्व्हस्टन असे फिरत आणि लाकूडकटाईच्या वस्त्यांतील व कापसाच्या मुलखातील गुत्त्यांत नाचणाऱ्यांसाठी वाजवीत. पियानो गुत्त्याच्या मालकाचा. वादकाबरोबर जाई ती केवळ त्याच्या बोटांतील शैली. बोलीची सीमा पुष्कळदा बाजाराच्या वाटेने सरकते, हा आम्हां भाषाभ्यासकांचा अनुभव येथे आठवतो.

परंतु या शैलीचा इतिहास लिहावयाचा कशावरून? तत्कालीन पुरावा म्हणजे ‘ब्लॅक बॉय शाइन’, अँडी बॉय, पाइनटॉप बर्क्स इत्यादींच्या १९३६-३७ मधील ध्वनिमुद्रिका. एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावणाऱ्या या तबकड्यांत गायनाला प्राधान्य आहे. रात्रभर चालणाऱ्या नाचासाठीचे वादन त्यांत कसे मावणार? शिवाय मुद्रण कोणाचे व्हावे, हे कंपन्यांच्या सोयीने ठरे. रॉबर्ट शॉ (१९०८–१९८५) याचे त्या काळी मुद्रण झालेच नाही. पुढे तो ऑस्टिन येथे किराणा दुकान चालवीत असे. १९६३ मध्ये मॅक मॅकॉर्मिक याने त्याचे वादन मुद्रित केले, तेव्हा रॅगटाइमच्या उसळत्या लयीत ब्लूज मिसळणारी ही शैली सविस्तर ऐकावयास मिळाली.

यावर आक्षेप संभवतो : तीस वर्षांनंतरच्या स्मृतीला पुरावा कसे मानावे? आक्षेप रास्त आहे. तथापि तो निर्णायक नाही. ‘द मा ग्राइंडर’ आणि ‘हॅटी ग्रीन’ या रचना शॉप्रमाणेच बस्टर पिकेन्स यानेही वाजविल्या आहेत, आणि पिकेन्सचे मुद्रण १९६० मधील, म्हणजे शॉच्या आधीचे आहे. दोन भगिनीभाषांत आढळणारे समान रूप आपण मूळ भाषेकडे नेतो, तोच न्याय येथे लावावा. जेथे दोघे जुळतात, तेथे सामाईक परंपरा मानण्यास आधार आहे. जेथे भिन्न होतात, तेथे वैयक्तिक भर संभवते. १९३७ च्या तबकड्या या तुलनेतील तिसरा साक्षीदार ठराव्यात, एकमेव नव्हे. पिकेन्स १९६४ मध्येच मरण पावला. दोन्ही मुद्रणांत अंतर होते ते अवघ्या तीन वर्षांचे.