फोटोतली डावीकडून तिसरी

आमच्या घरात एक जुना ग्रुप फोटो आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, एका कोपऱ्याला कसर लागलेली. दोन रांगांत अकरा बायका. सगळ्यांची लुगडी पांढरी, पदर डोक्यावरून घेतलेले, हात मांडीवर नीट ठेवलेले; हातांचं काय करायचं ते फोटोवाल्याने सांगितलं असावं. भिंग धरून पाहिलं तर दोघींच्या कपाळावर कुंकू दिसतं. बाकी नऊ कपाळं कोरी. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी ती आक्का. माझ्या आजीची आत्या.

उरलेल्या दहा जणी कोण, हे आजीलाही सांगता येत नसे. ती एवढंच म्हणायची, "सेवासदनातल्या. आक्काच्या बरोबरीच्या."

आक्का मी पाहिलेली नाही. ती 1958 साली गेली, माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी. जे काही आहे ते आजीच्या तोंडून, आणि आजीच्या गोष्टींत साल दर खेपेला थोडं सरकत असे. एक मात्र कधी सरकलं नाही. अकराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी नवरा गेला, आणि आक्का वाईहून पुण्याला शनिवार पेठेत भावाच्या घरी आली ती केशवपन होऊन, लाल आलवणात. पुढली काही वर्षं तिचं जग चुलीपासून आडापर्यंत. अक्षरओळख शून्य.

भाऊ कचेरीत कारकून. तो सुधारक वगैरे मुळीच नव्हता. पण घरात खाणारी तोंडं नऊ आणि पगार एक. सेवासदनात बायकांना दुपारी शिकवतात आणि पुढे चार पैसे मिळतील असं काम लावून देतात, हे त्याच्या कानावर आलं. पुण्यातल्या किती घरांचे दरवाजे सुधारणेने उघडले आणि किती महागाईने, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. आमचा तरी महागाईने उघडला.

हे सेवासदन रमाबाई रानड्यांचं. मुंबईचं सेवासदन 1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी काढलं, त्याच्या अध्यक्ष रमाबाई होत्या. पुण्याचं 1909 मध्ये उभं राहिलं, त्यात भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या बरोबरीने राबले. वर्ग सुरू झाले ते रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. रमाबाई तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यानंतर मुंबई सोडून त्या पुण्याला आल्या, पहिलं वर्ष जवळजवळ घराबाहेर पडल्या नाहीत. मग पडू लागल्या त्या तुरुंगातल्या बायकांना आणि इस्पितळातल्या रोग्यांना भेटायला. रानड्यांच्या पत्नी म्हणून त्यांची ओळख सगळ्यांना असते. 1901 नंतरच्या या तेवीस वर्षांतल्या रमाबाई मला जास्त मोठ्या वाटतात, आणि त्यांच्याबद्दलच आपण सगळ्यात कमी बोलतो.

प्रौढ बाईला अक्षर शिकवणं म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. 1873 मध्ये अकरा वर्षांची देवराष्ट्र्याची यमुना कुर्लेकर लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा तिलाही वाचता येत नव्हतं. नवऱ्याने पहिल्याच रात्री शिकवायला घेतलं. रात्री वरच्या खोलीत धडा आणि दिवसा खाली घरातल्या बायकांचे टोमणे, अशी तिची शाळा. पुढे इंग्रजी शिकवायला मिस हर्फर्ड घरी येऊ लागल्या, तर बायकांना त्या मडमेचा विटाळ. हे सगळं त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात फार संयमाने लिहिलं आहे. पुस्तक 1910 चं. म्हणजे इकडे ते छापून येत होतं आणि तिकडे त्यांच्याच वाड्यात दुपारी विशी-तिशीतल्या बायका 'ग म भ न' गिरवत होत्या.

वर्ग दुपारचे का? तर जेवणं होऊन उष्टी-खरकटी आवरली की तेवढेच दोन-तीन तास बाईचे. त्या वेळी घरातली मोठी माणसंही कलंडलेली असतात. आक्का पाटी पदराखाली धरून जायची. आजी सांगायची, तिला 'ण' काही केल्या जमेना. एकदा भाकरी थापता थापता परातीतल्या पिठावर बोटाने तिने 'ण' काढला आणि तो बरोबर आला. वहिनीने पाहिलं आणि पीठ सारखं केलं. बोलली काहीच नाही.

सेवासदनच्या नर्सिंगच्या वर्गाची गोष्ट याहून अवघड. तेव्हा इस्पितळात काम करायच्या त्या गोऱ्या नाहीतर ख्रिस्ती झालेल्या बायका. ब्राह्मणाच्या घरातल्या विधवेने ससून इस्पितळात जाऊन परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रोग्याचं शौचाचं भांडं उचलायचं, आणि रात्रपाळी करून उजाडता घरी यायचं? पाटी-पुस्तक पेठेने एक वेळ सोसलं असतं. हे कसं सोसावं? मुलगी वाचायला शिकली तरी सोवळं शाबूत राहतं. नर्स झाली की ते पहिल्याच दिवशी गेलं.

मग बायका पुढे आल्या कशा, याचा एक किस्सा सेवासदनच्या इतिहासातही आहे आणि आजीच्या गाठोड्यातही. संस्थेचा समारंभ होता, कॉलेजची मुलं गॅलरीत दाटीने बसलेली. बक्षीस घ्यायला एक पोक्त विधवा व्यासपीठावर चढली. आलवण नेसलेली, केशवपन केलेली. या वयात शिकून बक्षीस घेणारी बाई! गॅलरीतून हसण्या-खिदळण्याचा आणि हुर्यो करण्याचा आवाज आला. रमाबाई समारोपाला उभ्या राहिल्या आणि ठरलेलं भाषण बाजूला ठेवून त्यांनी त्या मुलांची सरळ कानउघाडणी केली. कॉलेजात जाता, पण तुम्हाला शिकलेले कसं म्हणायचं, असा त्यांचा रोख. सभागृह चिडीचूप झालं. त्यानंतर कितीतरी तरुण विधवा नर्सिंगच्या वर्गाला नावं द्यायला आल्या.

आजीचं म्हणणं, आक्का त्या दिवशी सभागृहात होती. असेलही. पुण्यातल्या जुन्या घरांत अशा प्रत्येक सभेला आपलं माणूस हजर असतंच. पण आक्का नर्स झाली एवढं खरं, आणि रमाबाईंचा आवाज चढलेला तिने आयुष्यात एकदाच ऐकला असं ती म्हणायची, तेही मला खरं वाटतं.

घरात तडजोड झाली ती अशी. पाळीहून आलं की आक्काने पुढच्या दाराने आत यायचं नाही. परसातून यायचं, आडावर थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ करायची, लुगडं तिथेच पिळून वाळत घालायचं आणि मग आत पाऊल टाकायचं. जानेवारीतसुद्धा. वहिनी लांबून, शिवाशिव न होता, वरून घागर ओतायची. मग 1916 मध्ये वहिनीचं चौथं बाळंतपण आलं. सुईण दोन रात्री बसून होती, मूल अडलं. तिसऱ्या पहाटे आक्का पाळी संपवून परसात आली तेव्हा भाऊ तिथेच उभा होता. त्याने तिला आडाकडे जाऊ दिलं नाही, तशीच आत नेली. तिने आधी खिडकी उघडायला लावली, मग सुईणीला हात साबणाने कोपरापर्यंत धुवायला लावले. सुईण जाम चिडली म्हणे. मूल जगलं, बाळंतीणही जगली. ते मूल म्हणजे माझी आजी.

दुसऱ्या दिवसापासून आक्काच्या आंघोळीसाठी बंब पेटू लागला. आंघोळ परसातच राहिली, ती चुकली नाही; पाणी तेवढं ऊन झालं. आजी हे सांगताना दर वेळी म्हणायची, "मी जन्मले म्हणून आक्काला ऊन पाणी मिळालं."

1918 च्या इन्फ्लुएंझात आक्का कित्येक दिवस घरी आलीच नाही, एवढंच आजीच्या आईने सांगितलेलं. त्याबद्दल आक्का स्वतः कधी काही बोलली नाही. तिच्या हाताला फिनेलचा वास यायचा, आणि घरातल्या सगळ्या मुलींना तिने गादीवरच्या चादरीचे कोपरे घडी घालून घट्ट खोचायला शिकवलं. माझ्या आईच्या खोचण्यातही तो हात होता. माझ्यात नाही.

रमाबाई मात्र शिक्षण आणि शुश्रूषेवर थांबल्या नाहीत. पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला आणि पैसे नाहीत म्हणून आधी फक्त मुलांना सक्ती करू, मुलींचं पुढे पाहू, असं घाटत होतं, तेव्हा साठीला टेकलेल्या या बाईने बायकांची मिरवणूक रस्त्यावर काढली. समोर टिळकांसारखा माणूस होता. आमच्या घरी टिळकांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी, त्यामुळे आक्का त्या मिरवणुकीला गेली की नाही हे आजीला कुणी कधी सांगितलंच नाही. 1924 मध्ये रमाबाई गेल्या.

1962 मध्ये त्यांचं टपाल तिकीट निघालं. पन्नास वर्षांनी 'उंच माझा झोका' ही मालिका आली आणि परकरातली रमा घरोघरी पोचली. आमच्याकडेही सगळे रात्री टीव्हीसमोर बसायचे. फोटो मी तेव्हाच कपाटातून काढला आणि मुलांना आक्का दाखवली. धाकटीने विचारलं, "आणि ही शेजारची कोण?"

मी फोटो उलटा केला. मागे फोटोवाल्याचा पुसट शिक्का होता आणि बाकी पुठ्ठा कोरा.

आजी असतानाच निदान एखादीचं नाव तरी खोदून विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. सेवासदनच्या वर्गांतून शिकून किती जणी ससूनला, गावोगावच्या दवाखान्यांत, बाळंतिणींच्या खोल्यांत गेल्या असतील. त्यांतल्या बहुतेकींना मुलंबाळं नव्हती, म्हणून त्यांची आठवण ठेवायचं काम भाचरांवर पडलं, आणि भाचरंही आता थकली. तुमच्या घरातल्या जुन्या पेटीत असा एखादा फोटो असेल तर तो आज बाहेर काढा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा, आणि सांगतील ती नावं मागे लिहून ठेवा. पेन्सिलने लिहा. शाई पुढल्या बाजूला फुटते.