भिडू

चपला इथेच काढून ठेवा. ‘तुम्ही’ही त्यांच्याशेजारी ठेवा, कारण आपण निघालोय तिथं तू दहा वर्षांची आहेस.

२०१२ सालचा फेब्रुवारी संपत आलाय. तलासरीच्या आतल्या बाजूला, एका आश्रमशाळेच्या मैदानात तू उकिडवी बसली आहेस. दिवसभर तापलेली माती तळपायांना अजून गरम लागते. तुझ्या दाखल्यावर जिल्हा ‘ठाणे’ लिहिलाय, पालघर जिल्हा व्हायला अजून अडीच वर्षं आहेत. विरारची लोकल डहाणूपर्यंत यायलाही आणखी एक वर्ष जायचंय. पळस पेटलाय. हायवेवर गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर रात्रभर चालू असते, पण तिची तुला सवय झाली आहे. तुझ्या कानात एकाच गाडीचा आवाज राहिलाय, दिवाळीनंतर पाड्यावर आलेल्या त्या टेम्पोचा.

आठव जरा. भात झोडून झालं होतं आणि ते किती महिने पुरेल हे आजी बोटांवर मोजत होती. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली, ती भिवंडीकडच्या वीटभट्टीवर फेडायची होती. पातेली चढली, गोधड्या चढल्या, कोंबड्यांची टोपली चढली, धाकट्या भावाला कडेवर घेऊन आई चढली. तुझी शाळा बुडू नये म्हणून तुला आश्रमशाळेत ठेवायचं ठरलं. आजी घर राखायला मागे राहिली, आणि आजीला राखायला काळ्या.

काळ्याला मात्र हे वाटप कुणी सांगितलं नव्हतं. तो टेम्पोमागे धावत सुटला. बांधावरून, ओहोळातून, डांबरी रस्त्यापर्यंत. तिथे थांबला. तू मागून धापा टाकत पोचलीस तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसून होता आणि टेम्पो वळणापलीकडे गेला होता. दुसऱ्या दिवशी मामा तुला शाळेत सोडायला निघाला, तेव्हाही काळ्या त्याच जागेपर्यंत आला आणि त्याच जागी बसला. तू वळून पाहिलंस. तेव्हापासून तू त्याला पाहिलेलं नाहीस.

त्याला पाळलेला कुत्रा म्हणावं का, हे मला ठरवता येत नाही. गळ्यात पट्टा नाही, स्वतःची थाळी नाही. भाताची पेज उरली तर पेज, सुक्या मासळीची डोकी, भाकरीचा तुकडा. पण पाड्यावर घरं लांब लांब असतात, भिंती कारवीच्या कुडाच्या आणि शेणानं सारवलेल्या. रात्री बिबट्या खाली उतरला तर त्याचा वास पहिल्यांदा कुत्र्याला येतो आणि बिबट्या उचलतोही आधी कुत्र्यालाच. माणसं वाघदेवाला नारळ फोडतात, त्याच्याशी सलोखा ठेवतात. कुत्र्यासाठी असा सलोखा कोणी करत नाही. तो फक्त अंगणात झोपतो, दाराच्या बाहेरच्या बाजूला.

आता समोर बघ. सरांनी वसतिगृहाच्या दोन पांढऱ्या चादरी एकमेकींना शिवून बांबूंवर ताणल्या आहेत. प्रोजेक्टर कुणाकडून तरी एका रात्रीपुरता मागून आणलाय. सगळ्यांचा डोळा वर्गातल्या बल्बवर आहे. तो जळतोय तोवर सिनेमा. डहाणूला समुद्राकडे औष्णिक वीजकेंद्र आहे, पाचशे मेगावॅटचं, पावणेतीनशे मीटर उंच चिमणीचं. १९९५ पासून तिथली वीज मुंबईच्या उपनगरांना उजळते. ती वीज इथल्या तारांतून आपल्याकडे का वळत नाही, हे तू एकदा सरांना विचारलं होतंस. सरांनी फळा पुसायला घेतला होता.

“कुत्र्याचा पिक्चर आहे,” सर सांगतात. कुत्र्याचा पिक्चर म्हटलं की त्यांना ‘तेरी मेहरबानियाँ’ आठवतो. १९८५ सालचा, जॅकी श्रॉफचा. सर तेव्हा तुझ्याएवढे होते. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेला भरते आणि पंधरा दिवस चालते. अशाच एका जत्रेच्या दिवसांत त्यांनी तो तंबूत, जमिनीवर बसून पाहिला. मालकाचा खून होतो आणि मोती नावाचा त्याचा कुत्रा एकेका खुन्याला गाठतो. तंबूतल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या, सर सांगतात, आणि मी पण.

यंत्र लागेपर्यंत मला तुझ्या कानात थोडं बोलू दे. दहा वर्षांच्या मुलीला हे माहीत नसतं, पण तू दोन वयांची आहेस आत्ता.

इमानी कुत्र्याच्या सिनेमात जगभर सगळे कष्ट कुत्र्याच्या वाट्याला येतात. जपानमधला हाचिको, मेलेल्या मालकाची वाट बघत शिबुया स्टेशनवर जवळजवळ दहा वर्षं येत राहिला, १९३५ साली मरेपर्यंत. त्याच्यावर जपानमध्ये सिनेमा निघाला, मग हॉलिवूडमध्येही. १९४३ चा ‘लॅसी कम होम’ घे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा एक मुलगा, त्याची लॅसी. बापाच्या हाताला काम नाही म्हणून आईबाप कुत्री एका श्रीमंताला विकतात, तो तिला स्कॉटलंडला नेतो, आणि लॅसी तिथून चालत, जखमी होत, मुलाच्या शाळेपाशी परत येते. सगळे कुत्रीच्या इमानाचं कौतुक करतात. मला मात्र त्या सिनेमात दर वेळी बापाचे रिकामे हात दिसतात. पोर आणि कुत्रं यांची ताटातूट तिथंही पोटापायी झाली होती. तुझ्या टेम्पोसारखीच.

चादरीवर उजेड पडला. गप्प बस आता.

‘चिल्लर पार्टी’. मागच्या जुलैत आलेला. विकास बहल आणि नितेश तिवारी यांचा. हिंदी आहे, पण नावं ऐकून मैदानावर कुजबुज उठते, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची आहेत. चिल्लर. मुलाचं नाव फटका. आणि त्याच्या कुत्र्याचं नाव भिडू.

भिडू! हा शब्द तर तुझाच. सिनेमावाल्यांनी तो मुंबईच्या रस्त्यावर उचलला असेल, पण त्याआधी तो लगोरीतला, कबड्डीतला. खेळ सुरू होण्याआधी भिडू निवडतात. भिडू म्हणजे नोकर नव्हे, राखणदारही नव्हे. रेघेच्या आपल्या बाजूला उभा असतो तो. कुत्र्याला असं नाव कुणी ठेवल्याचं तू कधी ऐकलं नव्हतंस. तुमच्याकडे काळ्या, वाघ्या, मोती. रंगावरून नाहीतर रुबाबावरून.

मुंबईतली चंदननगर नावाची कॉलनी. तिथल्या मुलांची टोळी, प्रत्येकाला टोपणनाव. त्यांच्यात येतो फटका. त्याला आईबाप नाहीत. तो कॉलनीतल्या लोकांच्या गाड्या धुतो आणि भिडू त्याच्या पायाशी असतो. इरफान खान नावाच्या छोट्या मुलानं फटक्याचं काम केलंय, मोठ्या नटाचं नाव आणि याचं नाव एकच.

फटका फडकं पिळून गाडीच्या काचेवर फिरवतो. मैदान गप्प होतं. शहरातल्या थिएटरांत या जागी पॉपकॉर्न कुरकुरत असेल, पण इथं बसलेल्या कितीतरी पोरांनी भट्टीवर कच्च्या विटा पालथ्या घातल्यात, एक बाजू वाळली की दुसरी उन्हाला लावायची, सूर्य चढायच्या आत. तू पण, मागच्या वर्षी. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू हाताळताना फुटू नये म्हणून बोटं कशी जपून चालतात ते तुला माहीत आहे. फटक्याची बोटं तशीच चालतात की नाही हे तू नीट बघतेस.

हा सिनेमा बनवणाऱ्यांनी तो कॉलनीतल्या मुलांच्या नजरेतून सांगितलाय. त्यांना हा नवा मुलगा आणि त्याचा कुत्रा सुरुवातीला नकोसे होतात, ते त्यांना पळवून लावायला बघतात, मग फटका गोलंदाजी करतो आणि त्यांचा होतो. पाहणाऱ्यानं त्यांच्याबरोबर बदलायचं, अशी ती रचना आहे. पण या मैदानात कुणाला बदलावंच लागत नाही. सगळं मैदान पहिल्यापासून फटक्याच्या बाजूला बसलंय. मला वाटतं, हा सिनेमा तलासरीत जेवढा पुरा पाहिला गेला तेवढा मुंबईत पाहिला गेला नसेल.

मग मंत्री येतो. भटके कुत्रे उचलायचा हुकूम निघतो. भिडूच्या गळ्यात पट्टा आहे का, त्याचं घर कोणतं, तो कुणाचा? कॉलनीतल्या बिऱ्हाडांकडून ‘ना हरकत’ आणली तर तो वाचेल. मुलं दारोदार फिरतात. दार उघडणाऱ्या मोठ्या माणसांचे चेहरे बघून मैदान खदखदून हसतं. असे चेहरे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, दाखल्यासाठी आईबरोबर तहसिलीत गेलं की टेबलापलीकडे असतात.

इथं सिनेमा उलटा फिरतो, तुझ्या लक्षात येतंय का? सरांच्या मोतीनं माणसासाठी जीव पणाला लावला होता. इथं भिडू काहीच करत नाही, कुत्र्यानं करावं तेवढंच करतो. कष्ट मुलांचे आहेत. इमान त्यांनी दाखवायचंय.

तुला घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. काळ्यासाठी कोण गेलं होतं दारोदार? त्या दिवशी टेम्पोत कोंबड्यांना जागा होती.

मुलं मोर्चा काढतात. नुसत्या चड्डीवर, भर रस्त्यातून, फलक घेऊन. मैदानातली लहान पोरं उड्या मारायला लागतात. पडद्यावरची माणसं एवढी का चकित झालीत, हे पहिलीतल्या एका पोराला कळत नाही. तो स्वतः तसाच बसलाय, वरून काही न घालता. मोर्चा पुढं सरकतो, गाणं वाढतं, एकामागे एक पोरं येत राहतात, आणि तुला ते तारप्याच्या नाचासारखं दिसायला लागतं. हातात हात अडकवून गोल गोल उलगडत जाणारी ओळ, आणि मध्ये तारपा वाजवणाऱ्याच्या जागी एक कुत्रा.

मग टीव्हीवर वाद व्हायचा असतो, मंत्री आणि मुलं समोरासमोर. मुलगा तोंड उघडतो.

बल्ब विझतो.

मैदानभर “ओऽऽ” उठतं आणि विरतं. चादरी वाऱ्यावर नुसत्या हलत राहतात. पाच मिनिटं, वीस मिनिटं. कुणीतरी पेंगतं. प्रोजेक्टर सकाळी परत द्यायचा असतो. सर बॅटरीच्या उजेडात वायर गुंडाळतात. भिडू वाचला का, हे विचारायला चारजणी जातात, तर सर म्हणतात, मी पण आज पहिल्यांदाच बघत होतो.

त्या रात्री वसतिगृहात शेवट ठरत नाही. गाडीनं नेला, म्हणते एक. फटका त्याला घेऊन जंगलात पळाला, म्हणते दुसरी. सातवीतली एक मुलगी शांतपणे म्हणते, त्यांच्या पाड्यावरचा कुत्रा जानेवारीत बिबट्यानं नेला, अंगणातून, आवाजही झाला नाही. यानंतर कोणी बोलत नाही. तू छताकडे बघत दिवस मोजतेस. होळीला किती उरले?

होळी. ७ मार्च. त्या दिवशी दिल्लीत ५९ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर होतात. उत्कृष्ट बालचित्रपट ‘चिल्लर पार्टी’. पटकथेलाही पुरस्कार, आणि त्यातल्या दहाच्या दहा मुलांना मिळून बालकलाकाराचा. मोठ्यांच्या चित्रपटांत आपल्या मराठी ‘देऊळ’ला मानाचा पहिला सन्मान, ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर वाटून. शहरात ही बातमी दिवसभर फिरते. तू तेव्हा टमटममधून उतरून डांबरी रस्त्याच्या कडेला उभी आहेस. तीच जागा.

तिथं कोणी नाही.

तू ओहोळ ओलांडतेस. बांधावरून चालतेस, धावत नाहीस, धावलं तर लवकर कळेल म्हणून. मोहाखाली बाया फुलं वेचतायत, त्यातल्या कुणाला विचारतही नाहीस. अंगण दिसतं. आजी सूप घेऊन बसलेली. आणि तिच्या पाठीमागे, भिंतीच्या सावलीत, एक काळा ढीग.

तो उठत नाही. मान वर करतो, तुला बघतो, आणि तोंड दुसरीकडे वळवतो. बरगड्या मोजता येतात. एक कान फाटलाय. “राती खूप भुंकतो,” आजी सांगते, “मला झोप लागू देत नाही.” सांगताना तिचा हात त्याच्या पाठीवर आहे. तू जवळ जाऊन खाली बसतेस, हात पुढे करत नाहीस. खूप वेळानं त्याची शेपटी मातीवर एकदा आपटते. नुसती एकदा.

सूर्य कलल्यावर टेम्पो येतो. सगळ्या पाड्याची पोरं रस्त्याकडे सुटतात, तू सुद्धा. आई काळवंडलीय, भाऊ तुला विसरलाय. तू त्याला उचलून मागे वळतेस तेव्हा दिसतं की काळ्या या वेळी रस्त्यापर्यंत आलेला नाही. ओहोळाच्या अलीकडेच थांबलाय आणि तिथून बघतोय, किती जण परत आले ते.

रात्री होळी पेटते, तारपा वाजतो. आठच दिवसांनी टेम्पो पुन्हा जाणार आहे, भट्टी पावसाच्या तोंडापर्यंत चालते. ते कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं जमतात. राख अजून कोमट आहे. त्याच राखेनं कुणीतरी अंगणभर रेघ ओढतं आणि भिडू पाडायला सुरुवात होते. तुझी पाळी आल्यावर तू म्हणतेस, “काळ्या.”

“कुत्रा भिडू नसतो,” मामाचा पोरगा ओरडतो. तू त्याला एका सिनेमाबद्दल सांगायला लागतेस, चंदननगर, फटका, ना हरकत, आणि शेवटाशी येऊन अडतेस, कारण तो तुला माहीत नाही. सगळे तुझ्याकडे बघतायत, पुढे काय झालं म्हणून.

काळ्या उठतो, अंग झटकतो, पोरांच्या पायांतून वाट काढत येतो आणि रेघेच्या तुझ्या बाजूला बसतो.