एकेरी घाट

आजोबा गोव्यातल्या कुळे ते दूधसागर या टप्प्यात रुळांवर गस्त घालायचे. पावसाळ्यातल्या रात्री अंगावर घोंगडी, हातात कंदील आणि खांद्याच्या पिशवीत रेल्वेचे फटाके. दरड आलेली दिसली की थोडं मागे येऊन ते फटाके रुळावर बांधायचे. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की बार उडायचा आणि ड्रायव्हर गाडी थांबवायचा. "बाय, दरड अगोदर सांगून येते," आजोबा म्हणायचे. "बारीक खडे घरंगळतात, ओहोळाचं पाणी लाल होतं. झाडं उभी आहेत तिथे डोंगर उभा असतो. कापलाय तिथे मी कंदील दोनदा धरतो."

रेल्वेचा हा घाट पोर्तुगीज आमदानीत, १८८०च्या दशकात खोदला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. मालगाडीला मागूनही इंजिनं लावावी लागतात. घाट बांधताना किती मजूर तापाने गेले, हे आजी सासूकडून ऐकलेलं सांगायची आणि बोलता बोलता गप्प व्हायची.

त्याच घाटात दुसरा रूळ टाकायचं ठरलं. मुरगावला उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे वेगाने जावा, यासाठीच तो हवा, असं गोव्यातली माणसं म्हणू लागली. रूळ जाणार होता भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून. दोन्ही मिळून २४० चौरस किलोमीटर जंगल, गवे आणि शेकरूंचं घर. सोबत चौपदरी महामार्ग आणि उच्च दाबाची वीजवाहिनीही होती. कॉलेजची मुलं, वकील, चित्रकार, शास्त्रज्ञ एकत्र आले. त्यांनी कागदपत्रं वाचली, चित्रं काढली, पत्रं लिहिली. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने कायद्याची लढाई लढली. २०२०च्या नोव्हेंबरात याच मार्गावरच्या चांदर गावी रुळांवर हजारो माणसं रात्रभर बसली. मीही होते. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या हातातली मेणबत्ती वाऱ्याने सारखी विझायची. ती दर वेळी दुसऱ्याच्या मेणबत्तीवरून पेटवून घ्यायची आणि "कोळसो नाका", कोळसा नको, म्हणायची.

एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीने या दुसऱ्या रुळाची गरज पटत नसल्याचा अहवाल दिला. तीनच महिन्यांनी, २३ जुलैला, दूधसागर आणि सोनावलीच्या मध्ये दरड कोसळली आणि मंगळुरूहून मुंबईला निघालेली गाडी रुळावरून घसरली. प्रवासी वाचले. ती बातमी वाचताना मला आजोबांचा कंदील आठवला. डोंगराबद्दल ते जे बोलत, ते त्यांनी पन्नास पावसाळे पायांनी तपासलेलं होतं. अशा माणसांना कुठलाच प्रकल्प कधी विचारत नाही, याचा मला राग येतो.

९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. मात्र सखोल अभ्यास करून नवा प्रस्ताव आणायची मुभा ठेवली. तो आला, तर अहवालाचं प्रत्येक पान वाचा, आणि कुळ्याच्या जुन्या गँगमनला विचारल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.