मोटारीच्या विम्याचा हप्ता कोणीं किती भरावा?

यवतमाळ जिल्ह्यांतील रस्त्यांवर ‘एम. एच. २९’ हीं अक्षरें मिरविणारीं वाहनें किती तऱ्हेचीं असतात, तें पाहण्यासारखें आहे. वणीकडे कोळशाचे अवजड ट्रक धांवतात. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर रात्रंदिवस रहदारी चालू असते. हंगामांत कापसानें शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर जिनिंगच्या दारीं रांग लावतात. यवतमाळ शहरांत एखाद्या डॉक्टरांची लहानशी मोटार घरून दवाखान्यांत आणि दवाखान्यांतून घरीं, एवढाच प्रवास वर्षानुवर्षें करीत असते. तिच्या शेजारच्याच घरीं तशीच दुसरी मोटार असते. ती मात्र धनी मुलाच्या हातीं देतो आणि मुलगा ती मध्यरात्रीं महामार्गावर पळवितो. कायद्यानें विमा या साऱ्यांनाच उतरावा लागतो. मग या दोन शेजाऱ्यांनीं हप्ता सारखाच भरावा कीं वेगवेगळा? आणि वेगवेगळा भरावयाचा तर तो कोणत्या मापानें?

हा प्रश्न मोटारीहून पुष्कळच जुना आहे. सन १७०६ मध्यें लंडनमध्यें ‘अ‍ॅमिकेबल सोसायटी’ नांवाची एक मंडळी निघाली. तिच्या सभासदांनीं दरसाल ठराविक वर्गणी द्यावी आणि त्या सालीं जे सभासद मरण पावतील त्यांच्या वारसांत जमलेली रक्कम वांटून द्यावी, असा साधा व्यवहार होता. विशींतला तरुण आणि चाळिशीचा गृहस्थ यांची वर्गणी एकच असे. वरवर पाहतां हा निखळ समतेचा कारभार. परंतु त्यांत तरुण माणूस वडीलधाऱ्याच्या मृत्यूचा भार न कळत उचलीत होता. शिवाय ही समता टिकवावयाची म्हणून मंडळीला पंचेचाळिशीपुढील माणसास दार बंद करावें लागलें. हें दार ज्यांच्या तोंडावर लागलें, त्यांत जेम्स डॉडसन नांवाचा एक गणिताचा शिक्षक होता. तो रागावून स्वस्थ बसला नाहीं. ज्योतिषी हॅले यानें ब्रेस्लाव शहराच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून १६९३ सालीं एक मृत्युकोष्टक प्रसिद्ध केलें होतें. अशा कोष्टकांच्या आधारें प्रत्येक वयाच्या माणसाचा हप्ता निराळा कसा काढतां येईल, याचें गणित डॉडसननें मांडलें. तो १७५७ त वारला. त्याच्या पद्धतीवर उभी राहिलेली ‘इक्विटेबल सोसायटी’ १७६२ त स्थापन झाली. तिच्या नांवांतच ‘न्याय्य’ हा अर्थ आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

म्हणजे विम्याच्या व्यवहारांत न्यायाच्या दोन कल्पना आरंभापासूनच एकमेकींशीं भांडत आल्या आहेत. सर्वांनीं सारखें द्यावें, ही एक. ज्याचा धोका जितका, त्याचा हप्ता तितका, ही दुसरी. पहिलींत आपुलकी आहे. पण कमी धोक्याचा माणूस एके दिवशीं हिशेब करून उठून जातो आणि मागें उरलेल्यांचा भार वाढतो. दुसरींत हिशेब चोख आहे; पण ज्याचा धोका मोठा त्याला बहुधा हप्ता झेपत नाहीं, आणि धोका मोठा असण्यांत त्याचा दोष असतोच असें नाहीं.

वऱ्हाडांत हा प्रश्न मोटारीच्या पाठोपाठ आला. पूर्वीचा वणी जिल्हा १९०५ सालीं यवतमाळ जिल्हा झाला, तेव्हां येथील मुख्य धन कापूस हेंच होतें. तो वाहून नेण्यासाठीं मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी आली. पुढें लोकांच्या तोंडीं तिचें नांव ‘शकुंतला’ झालें. ती इतक्या सावकाश चाले कीं तिच्याखालीं कोणी सांपडण्याचें भय फारसें नव्हतें! मोटारीची गोष्ट निराळी. ती रुळांवरून चालत नाहीं, तर बैलगाडी, गुरें, पादचारी आणि शाळेला निघालेलीं मुलें यांच्याच रस्त्यावरून धांवते. एखादा शेतमजूर तिच्याखालीं सांपडून मेला, तर त्याच्या बायकामुलांनीं दाद मागावी कोणाकडे? धन्याच्या नांवावर कर्जाखेरीज कांहीं नसेल, तर न्यायालयाचा हुकूमनामा चुलींत घालण्याच्याच कामाचा.

या अडचणीवर इंग्लंडनें १९३० च्या कायद्यानें तोड काढली : दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा उतरल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणावयाची नाहीं. हिंदुस्थानांत १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला आणि त्यांतील सक्तीच्या विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. विमा कंपनी हा एक पक्ष, गाडीचा धनी हा दुसरा, आणि रस्त्यावरचा अनोळखी मनुष्य हा तिऱ्हाईत. कायद्याची सारी धडपड या तिऱ्हाइतासाठीं आहे. हप्ता तो भरीत नाहीं, विमापत्र त्यानें कधीं पाहिलेलें नसतें. आणि तरी तो विमा त्याचाच असतो. म्हणूनच मोटारीचा हप्ता ही आयुर्विम्याप्रमाणें केवळ दोघांमधील सौद्याची बाब राहत नाहीं. तो इतका चढा ठेवला कीं गरीब धनी विम्यावांचूनच गाडी हांकूं लागला, तर नुकसान त्या धन्याचें नव्हे, तिऱ्हाइताचें होतें.

दर ठरविण्याचें काम पुढें एका ठिकाणीं आलें. १९६८ च्या दुरुस्तीनें दर-सल्लागार समितीला कायद्याचें अधिष्ठान मिळालें. १९७३ च्या आरंभापासून सर्वसाधारण विम्याचा धंदा सरकारी झाला. दरपत्रक देशभर एकच असे, आणि त्यांतून कोणत्याही कंपनीला रेसभर ढळतां येत नसे. १ जुलै २००२ पासून लागू झालेलें दरपत्रक उघडून पाहिलें तर यवतमाळच्या त्या दोन शेजाऱ्यांच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. मात्र तें समाधानकारक नाहीं. खाजगी मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा दर तीन गोष्टींवरून ठरे : इंजिनाची क्षमता, गाडीचें वय आणि तिच्या नोंदणीचें गांव. गांवांचे दोन विभाग केलेले होते. मुंबई, पुणें, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद हा ‘अ’ विभाग. उरलेला अवघा देश ‘ब’ विभाग. यवतमाळ अर्थातच ‘ब’ मध्यें. हजार घन सेंटिमीटरपर्यंतच्या, पांच वर्षांच्या आंतील मोटारीला ‘अ’ विभागांत शेंकडा ३.१२७ आणि ‘ब’ विभागांत शेंकडा ३.०३९ असा दर होता. तीन लाख रुपये किमतीच्या मोटारीचा हिशेब केला तर मुंबईकराला ९,३८१ रुपये पडत आणि यवतमाळकराला ९,११७. फरक अवघा २६४ रुपयांचा! मुंबईची खेंचाखेंच आणि यवतमाळची गल्ली यांत एवढेंच अंतर मानणें म्हणजे विभाग पाडल्याचा देखावा करून वस्तुतः सर्वांना एकाच मापानें मोजणें होय.

त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, चाक कोणाच्या हातीं आहे हें मूळ दर काढतांना कोणी विचारीतच नव्हतें. डॉक्टरांची गाडी आणि मध्यरात्रीं महामार्गावर पळणारी गाडी एकाच वर्षाच्या व एकाच बनावटीच्या असल्या, तर मूळ हप्ता एकच. हांकणाराचा गुण मोजणारी मुख्य खिडकी एकच होती, आणि ती आजही आहे. ती म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट. एक वर्ष भरपाई मागितली नाहीं तर नुकसानीच्या हप्त्यांत शेंकडा २०, दोन वर्षें नाहीं तर २५, मग ३५, ४५ आणि पांचव्या वर्षानंतर ५० अशी ती चढत जाते. ही सूट गाडीची नसते, धन्याची असते. जुनी गाडी विकून नवी घेतली तर ती धन्याबरोबर जाते, विकत घेणाराला मिळत नाहीं. योजना चांगली आहे, पण तिच्यांतही वांकडेपणा आहे. सूट मोजते ती दावे; दोष मोजीत नाहीं. बाजारांत नीट उभ्या केलेल्या मोटारीवर एखादा टेंपो आदळला आणि धन्यानें आपल्या विम्यावर भरपाई घेतली कीं वर्षांची जमा गेली. उलट, चार ठिकाणीं गाडी घांसणारा माणूस पदरचे पैसे घालून पत्रा ठोकून घेतो आणि कागदोपत्रीं सज्जन ठरतो. शिवाय सूट धन्याची, चाक मात्र पगारी ड्रायव्हरच्या किंवा चिरंजीवांच्या हातीं!

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. गाडीची बनावट, धन्याचा दाव्यांचा इतिहास, गांव इत्यादि गोष्टी तोलून प्रत्येक कंपनी आपापला दर सांगूं लागली. तिऱ्हाइताच्या विम्याचा दर मात्र बांधलेलाच राहिला. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत खाजगी मोटारीला हजार घन सेंटिमीटरपर्यंत २,०९४ रुपये, पंधराशेंपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढें ७,८९७ रुपये असे तीन टप्पे ठरले. मालवाहू ट्रकांचा दर वजनावर ठरला. साडेसात टनांपर्यंत १६,०४९ रुपये, तर चाळीस टनांपुढें ४४,२४२. जुन्या संग्राह्य मोटारींना निम्मी सूट मिळाली. त्या रस्त्यावर येतात थोड्या आणि पुसल्या जातात फार, हें सरकारलाही ठाऊक असावें. या दरांत मुंबई आणि यवतमाळ असा भेदच नाहीं, आणि चालक कसा आहे हेंही नाहीं. थोराड इंजिनाची मोटार अधिक माणसें मारते, एवढीच कल्पना त्यांत आहे. ट्रकाच्या बाबतींत ती बरीचशी खरी आहे. मोटारींच्या बाबतींत ती अर्धीच खरी मानावी लागेल.

इतर देशांनीं या बाबतींत कांहीं धाडसी पावलें टाकलीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत १९८८ सालीं मतदारांनींच कौल देऊन ठरविलें कीं, हप्ता ठरवितांना आधीं चालकाचा पूर्वेतिहास, मग वर्षभरांत धांवलेले मैल आणि मग वाहन हांकण्याचा अनुभव पाहावा. राहण्याचें ठिकाण वगैरे गोष्टी त्यानंतर. युरोपांत एक वेगळाच पेंच पडला. स्त्रिया अपघात कमी करतात म्हणून विमा कंपन्या तरुणींना कमी हप्ता लावीत. १ मार्च २०११ रोजीं युरोपीय न्यायालयानें तें अमान्य केलें, आणि २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या करारांत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई झाली. कंपन्यांचे आंकडे कांहींही सांगोत. केवळ जन्मानें लाभलेल्या गटाच्या नांवावर एका व्यक्तीला बिल लावावें काय, हा खरा प्रश्न होता. सावधपणें गाडी हांकणाऱ्या तरुणानें केवळ आपल्या वयाच्या इतरांचा उतावीळपणा भरून द्यावा, हा न्याय त्याला कसा पटावा?

यवतमाळच्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाहीं. तो त्याच्या कपाशींतच उगवलेला आहे. पिकांच्या विम्याची व्यवहार्य योजना म्हैसूर संस्थानांत जे. एस. चक्रवर्ती यांनीं १९२० सालीं पुस्तकरूपानें मांडली होती; पावसाच्या मोजमापावरून भरपाई द्यावी, अशी तिची दिशा होती. पुढें १९७६ सालीं पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनीं ‘क्षेत्र’ ही कल्पना मांडली. एकेका शेताचें नुकसान तपासूं गेल्यास खर्च अपार आणि लबाडीला वाव पुष्कळ. म्हणून एका क्षेत्राचें सरासरी उत्पन्न काढावें, आणि तें ठरीव पातळीखालीं गेलें तर त्यांतील सर्व विमेदारांना भरपाई मिळावी. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना यांच्या मुळाशीं हीच कल्पना आहे. २०१६ च्या योजनेनें कापसाच्या विम्यांतील शेतकऱ्याचा वांटा विमा रकमेच्या शेंकडा ५ पर्यंतच ठेवला. विमागणितानें निघणारा खरा दर त्याहून जितका अधिक, तितका बोजा केंद्र व राज्य सरकारांवर. महाराष्ट्रानें २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला. खोट्या अर्जांच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली.

येथें एक विलक्षण विरोध दिसतो. शेतकऱ्याची तक्रार अशी कीं, नाल्याच्या पुरानें त्याचें एकट्याचें शेत खरवडून गेलें तरी मंडळाची सरासरी चांगली भरते आणि हातीं कांहीं लागत नाहीं. त्याला स्वतःच्या शेतावरून मोजमाप हवें आहे. स्थानिक आपत्तींसाठीं नव्या योजनेंत स्वतंत्र तपासणीची सोय करावी लागली, ती याच कारणानें. मोटारीचें मात्र उलट. चालकाला एकेकट्यानें मोजणें आतां अगदीं सोपें झालें आहे, आणि तरी तो बराच काळ टप्प्यांतच मोजला गेला. जुलै २०२२ मध्यें विमा नियामक प्राधिकरणानें स्वतःच्या नुकसानीच्या विम्यापुरती एक वाट उघडली : गाडी किती धांवते, आणि ती कशी हांकली जाते, यांवर हप्ता बांधण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. डॉक्टरांना ही वाट लाभाची आहे. परंतु ब्रेक किती जोरानें दाबला आणि रात्रीं किती वाजतां कोठें जाणें झालें, याची नोंद दुसऱ्याच्या हातीं देणें ही त्या स्वस्ताईची किंमत आहे, आणि ती प्रत्येक घराला मानवेलच असें नाहीं.

या साऱ्या बारीक हिशेबांत तिऱ्हाईत मात्र मागेंच राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनें दोष कोणाचा हें न शोधतां मृत्यूबद्दल पांच लाख आणि गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये देण्याची तरतूद झाली, आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली; पण कंपनीनें तें द्यावयाचें तर मुळांत विमा हवा. विमा संपला तरी वाहन चालतच राहतें, हें ओळखून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पांच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा खरेदीच्या वेळींच घ्यावा लागतो. ही मुदत संपलेल्या दुचाकी आणि दोन-तीन हात फिरलेल्या जीपगाड्या ज्या आडरस्त्यांवर धांवतात, तेथें बाजाराच्या दिवशीं पायीं जाणाऱ्या माणसाचें रक्षण धन्यानें विमा पुन्हां उतरविला कीं नाहीं, एवढ्यावरच अवलंबून आहे.